८३ कार्डं, फोंड्यातली झेरॉक्स आणि माझं आठ महिन्यांचं 'बघू'

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

वस्तू म्हणजे 'पर्सनल व्हॅल्यूज कार्ड सॉर्ट' नावाचा ८३ कार्डांचा संच. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली केलेला. हे मिलर म्हणजे दारूच्या व्यसनावर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाची समुपदेशनाची जी पद्धत आहे ती त्यांनी आणि स्टीफन रोलनिक यांनी वाढवली. कार्डांचा उपयोग त्या कामातही होतो, माणूस समोर बसतो, स्वतःच्या हाताने 'मला हे सगळ्यात महत्त्वाचं' म्हणून कार्डं बाजूला काढतो, आणि मग त्याचं रोजचं वागणं त्या कार्डांशेजारी ठेवून बघायचं, उपदेश कोणी करत नाही, फरक त्याचा त्यालाच दिसतो. संच पब्लिक डोमेन आहे म्हणजे कोणालाही फुकट, उतरवून घ्या, प्रिंट करा, कापा, वापरा.

आता मला याची गरज का पडली. मी सावईवेऱ्याची, वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटीच्या डॉक्युमेंटेशनला आहे, बारा वर्षं झाली. मागच्या वर्षी हैदराबादच्या युनिटला जाण्याची ऑफर आली, पगार जवळजवळ दीडपट. त्याच सुमाराला माझी शाळेपासूनची मैत्रीण म्हणाली की आपण दोघी मिळून तिच्या आजोळच्या घरात होमस्टे चालू करूया. आणि घरी बाबा, वय ७१, कुळागर त्यांच्या एकट्याच्या अंगावर, दादा पुण्याला. ज्यांनी कुळागर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पोफळी, त्यावर चढलेली मिरी, मध्ये केळी, माड, एखाद-दुसरं जायफळ आणि या सगळ्यातून फिरणारा पाण्याचा पाट, ही बाग सांभाळायला रोज माणूस लागतो, महिन्यातून एकदा येऊन बघून गेलं असं तिथे चालत नाही. तर या तिघांनाही मी आठ महिने एकच उत्तर देत होते, 'बघू'. एचआरला बघू, मैत्रिणीला बघू, बाबांना बघू. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी, मोबाइलवर हैदराबादची भाडी बघायची आणि सकाळी उठून पाटातली पानं काढायची.

बाबांचं म्हणणं पडलं की देवळात प्रसाद घेऊया. मूर्तीला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि उजवीकडची पडली की डावीकडची त्यावरून कौल समजतात, आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळ्याला प्रसाद घेतात आणि माझी त्यावर श्रद्धा आहे. आम्ही गेलो. पुजाऱ्यांनी विचारलं, नेमकं काय विचारायचंय? बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हैदराबादला जाऊ का... नाही म्हणजे, कुळागराचं काय करू... म्हणजे मी काय करू. पुजारी शांतपणे म्हणाले, 'बाय, प्रश्न एक आणि साफ पाहिजे, तू घरी जाऊन ठरव आणि ये.' परत येताना स्कूटरवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. माझ्याकडे प्रश्नच नव्हता हे त्या दिवशी मला कळलं.

त्याच्या आधी मी एका ऑनलाइन कोर्सला साडेतीन हजार रुपये भरले होते. त्यात काय केलं तर दोनशे इंग्रजी शब्दांची लिस्ट दिली आणि सांगितलं यातले पाच निवडा, तुमच्या कोअर व्हॅल्यूज तयार. मी निवडलं इंटेग्रिटी, एक्सलन्स, फॅमिली, ग्रोथ, ग्रॅटिट्यूड. एक सुंदर पीडीएफ आली, तिच्यावर माझं नाव. त्या पाच शब्दांनी माझा एकही निर्णय सुटला नाही कारण ते पाचही शब्द हैदराबादलाही लागू होत होते, होमस्टेलाही आणि कुळागरालाही. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की मी खोटं बोलले नव्हते आणि तरी त्यात मी कुठेच नव्हते.

मग ऑफिसातल्या एका मॅडमनी या कार्डांबद्दल सांगितलं, त्यांच्या मिस्टरांच्या व्यसनमुक्तीच्या वेळी समुपदेशकांनी वापरली होती. मी फाइल उतरवली, वाचली आणि ठरवलं की इंग्रजीत करायचं नाही, आधी मराठी करायचं. माझ्या मते या संचातून मला जे मिळालं त्यातलं अर्धं या मराठी करण्यात मिळालं.

वहिनी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती, ती हायस्कूलात मराठी शिकवते. आम्ही दोघी रात्री जेवणं झाल्यावर स्वैपाकघरातल्या टेबलावर बसायचो, चार रात्री लागल्या. 'डिपेन्डॅबिलिटी' आलं. ती म्हणाली विश्वासार्हता. मी म्हटलं हा शब्द पेपरात येतो, घरात कोण बोलतं? मग विश्वासूपणा, तर तो नोकरासाठी वाटतो. शेवटी आम्ही लिहिलं, 'भरवशाचं असणं', खाली ओळ, 'लोकांनी माझ्यावर विसंबावं आणि ते चुकू नये'. 'ऑटोनॉमी'ला स्वायत्तता लिहिलं की विद्यापीठाची आठवण येते, आम्ही लिहिलं 'आपलं आपण ठरवणं'. 'इंडस्ट्री' म्हणजे कारखाना नाही, कष्ट करणं, अंग मोडून नीट काम करणं. 'सॉलिट्यूड' म्हणजे एकटेपणा लिहिलं तर आपल्याकडे बिचारी वाटते, म्हणून 'स्वतःपुरता निवांत वेळ'. 'मॉडरेशन'ला वहिनीने एका क्षणात लिहिलं, 'अति न करणं'. असं ८३ वेळा. यात होतं काय की शब्द मराठीत घरचा झाला की त्याच्याबरोबर माणसं येतात, प्रसंग येतात. इंटेग्रिटी म्हणताना माझ्या डोळ्यासमोर कोणीच येत नव्हतं, 'भरवशाचं असणं' लिहिताना मला पटकन आमचा जुना पाडेली आठवला, जो तापातसुद्धा सांगितलेल्या दिवशी सुपारी उतरवायला आला होता.

छपाईचं सांगते कारण लोक तेच विचारतात. एका ए-फोर पानावर आठ कार्डं बसवली, ८३ कार्डं, तीन मथळ्यांची आणि पाच कोरी, अशी बारा पानं झाली. फोंड्याला बस स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने जाड कागदावर वीस रुपये पानाने काढून दिली, २४० रुपये, कटरवर कापूनही दिली. साध्या कागदावर काढू नका, खालचं अक्षर वर दिसतं आणि दुसऱ्याच दिवशी कोपरे दुमडतात. लॅमिनेशनही नको, घसरतात.

वापरायचं कसं, तर तीन मथळे मांडायचे, माझ्यासाठी फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, आणि महत्त्वाचं नाही. मग एकेक कार्ड उचलून कुठल्या तरी मथळ्याखाली टाकायचं, जास्त विचार न करता. मी पहिल्यांदा केलं तेव्हा 'फार महत्त्वाचं'खाली ४१ कार्डं जमली. हे सगळ्यांचं होतं म्हणे. कारण आपल्याला वाटतं क्षमा महत्त्वाची नाही असं कसं म्हणू, न्याय महत्त्वाचा नाही असं कसं म्हणू. पण इथे प्रश्न चांगलं काय हा नाहीच, माझं आयुष्य कशावर चालतं हा आहे. ४१ चे १० करायला मला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात मी दोनदा उठून पाणी प्यायले. १० चे ५ केले. राहिलेली पाच अशी: कुटुंब, भरवशाचं असणं, स्थैर्य, बदल, आणि कष्ट करणं.

आता यात बघा, स्थैर्य आणि बदल दोन्ही. मला वाटलं मी चुकले. पण शालोम श्वार्ट्झ नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९२ मध्ये २० देशांतल्या माहितीवरून माणसांच्या मूल्यांचे १० प्रकार मांडले आणि ते एका वर्तुळात बसवले. शेजारशेजारचे प्रकार एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरचे एकमेकांना ओढतात. सुरक्षितता आणि परंपरा एका अंगाला, आणि त्यांच्या बरोब्बर समोर आपलं आपण ठरवणं, नवं काहीतरी करून बघणं. हे वाचलं तेव्हा मी टेबलावरच्या त्या दोन कार्डांकडे नुसती बघत राहिले. आठ महिने मी स्वतःला चंचल म्हणत होते, आळशी म्हणत होते, आणि खरं तर दोन्ही माझीच होती आणि दोन्ही मला दोन दिशांना ओढत होती. अशा वेळी या दोघांमध्ये निवड करत बसायचंच नाही, तिसरं कार्ड शोधायचं जे दोघांच्या वर बसेल. हे मला कुठल्या कोर्सने सांगितलं नव्हतं.

शेवटी दोन कार्डं राहिली. कुटुंब आणि भरवशाचं असणं. इथे मी तीन दिवस अडकले. कुटुंब बाजूला ठेवणं म्हणजे पाप केल्यासारखं वाटत होतं. वहिनीनेच विचारलं, 'ताई, तुम्हाला झोप लागत नाही अशी रात्र आठवा, त्या दिवशी काय मोडलेलं असतं?' मला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी पाडेल्यांना रविवारी बोलावलं होतं, मी बाबांना सांगितलं होतं मी असेन, त्यांचा पाय दुखत होता, आणि ऐनवेळी ऑफिसात ऑडिटची तयारी निघाली म्हणून मी गेले नाही, फोनही दुपारी केला. पाडेली तासभर थांबून परत गेले, पुढे तीन आठवडे त्यांना वेळ नव्हता. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्या पोटात अजून तो रविवार आहे. आणि गंमत म्हणजे बाबांशी माझं त्याहून मोठं भांडण झालेलं आहे, चांगलं आठवडाभर अबोला, पण त्याने झोप गेली नव्हती. म्हणजे दुखतं ते नातं ताणल्याने नाही, दिलेला शब्द गेल्याने.

आणि मग एकेक दिसायला लागलं. आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक असतं, गोव्यात हे गावोगाव आहे, बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं. अकरा वर्षं मी प्रॉम्प्टिंग करते. विंगेत उभं राहायचं, हातात वही, टॉर्चवर निळा जिलेटीन, आणि नटाच्या ओठांकडे बघायचं, तो कुठे श्वास घेतो आणि कुठे अडकतो हे वेगळं ओळखता यावं लागतं, श्वास घेताना शब्द दिला तर तो चिडतो आणि अडकल्यावर अर्धा क्षण उशीर झाला तर प्रेक्षकांना कळतं. मला लोक विचारतात तू कामं का करत नाहीस, रोल का घेत नाहीस. मला कधी घ्यावासाच वाटला नाही. तालमीची एक रात्र मी चुकवलेली नाही, आणि शेवटच्या अंकात अडकलेला नट न बघता माझ्या बाजूला जरा कलतो, त्याला माहीत असतं मी आहे, त्या कलण्यासाठी मी अकरा वर्षं उभी आहे. हे मला कार्ड हातात धरल्यावर समजलं, आधी कधी असं जोडलंच नव्हतं.

तरी मी एक तपासणी केली आणि ती सगळ्यांनी करावी असं माझं ठाम मत आहे, संचात ती नाही. मागच्या तीन महिन्यांचे यूपीआयचे व्यवहार आणि मोबाइलचं कॅलेंडर काढून कार्डाशेजारी ठेवलं. पैसे आणि संध्याकाळचे तास कुठे जातात ते तिथे लिहिलेलं असतं. समजा आरोग्य हे माझं मूल्य म्हटलं असतं तर तीन महिन्यांत त्यावर एक रुपया नव्हता. भरवशाचं असणं मात्र पानापानावर होतं, शेजारच्या काकूंना डायलिसिसला नेणं, तालमी, ऑफिसातल्या नवीन मुलीला शनिवारी शिकवणं.

आता निर्णय. इथे लोकांची एक चूक होते म्हणून सविस्तर लिहिते. मूल्य सापडलं की उत्तर सापडतं असं नाही. भरवशाचं असणं या कार्डावर हैदराबादला जाऊ नको असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, हैदराबादलाही माणूस भरवशाचं असू शकतं. मला जे दिसलं ते वेगळंच. मला दिसलं की ज्या गोष्टीवर मी उभी आहे तीच मी आठ महिने तीन माणसांच्या बाबतीत मोडत होते. 'बघू' म्हणणं म्हणजे समोरच्याला विंगेकडे कलायला लावायचं आणि विंगेत कोणी नाही. मैत्रीण माझ्यासाठी थांबली होती, तिने दुसरा पार्टनर शोधला नव्हता. एचआरने पद रिकामं ठेवलं होतं. बाबा नवीन रोपं लावायची की नाही ते माझ्यावर सोडून बसले होते.

म्हणून प्रश्न बदलला. कुठे जाऊ हा नाही, तर कोणाला कुठला शब्द दिला तर तो मी पाच वर्षं पाळू शकेन. आणि असा विचारल्यावर तो एका आठवड्यात सुटला. मैत्रिणीला स्पष्ट नाही सांगितलं, तिच्या घरी जाऊन, फोनवर नाही, ती रडली आणि मीही. दोन महिन्यांत तिला तिच्या मावसबहिणीची साथ मिळाली, होमस्टे आता चालू आहे. हैदराबादला नाही कळवलं, आणि दीडपट पगाराचं मला अजून कधीकधी वाईट वाटतं, महिनाअखेरीला जास्त, ते खोटं कशाला सांगू. आणि बाबांना हो सांगितलं पण मोजून: शनिवार-रविवार आणि सुपारी-मिरीचा हंगाम माझा, बाकीचे दिवस पगारी माणूस ठेवायचा आणि त्याचे पैसे मी देणार. आधी मी 'मी आहे ना' म्हणायचे, ज्याचा अर्थ काहीच होत नव्हता. आता वार ठरलेत. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

देवळात परत गेलो, प्रश्न एक आणि साफ घेऊन. काय विचारलं आणि काय आलं ते घरातलं आहे, लिहीत नाही.

अर्धा गुण कापला तो यासाठी. संच अमेरिकेतल्या माणसासमोर ठेवून केलेला आहे आणि ते जाणवतं. जागतिक शांततेचं कार्ड आहे, लोकप्रियतेचं आहे, प्रसिद्धीचं आहे, पण मान राखण्याचं नाही, पाहुणचाराचं नाही, ऋण फेडण्याचं नाही, आणि आपल्याकडे अर्धे निर्णय या तीन गोष्टींवर होतात. कोरी कार्डं ठेवायची सोय आहे खरी, पण कोऱ्या कार्डावर काय लिहायचं ते सुचायला आधी ते सुचलं पाहिजे. शिवाय शरीरसंबंध, एकनिष्ठ जोडीदार अशी कार्डंही त्यात आहेत, तेव्हा सगळं घर एकत्र बसवून करू नका, एकेकट्याने करा, नाहीतर माणूस शेजारी कोण बसलंय ते बघून कार्ड टाकतो. आणि मन फार खचलेलं असताना, झोप-जेवण सुटलेलं असताना हे काढून बसू नये, तेव्हा आधी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जावं.

कोऱ्या कार्डांवरून बाबांचं सांगायचं राहिलं. त्यांनी स्वतःहून मागितली कार्डं, दुपारी व्हरांड्यात बसून एकट्यानेच केली, चष्मा लावून, सुपाऱ्या वेगळ्या करतात तशी, एकेक कार्ड बोटाने चाचपून. तासाभराने मी चहा घेऊन गेले तर ८२ कार्डं रबर लावून एका गठ्ठ्यात बांधलेली, खाली फक्त 'परंपरा' उरलेलं, त्याच्यावर एक कोरं कार्ड ठेवून त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पाट वाहता ठेवणं'. मी विचारलं मग परंपरा का नाही? म्हणाले, 'परंपरा म्हणजे माझ्या आजोबांनी केलं ते. पाणी पुढच्याकडे जातं.' आणि चहा घेतला. त्याच आठवड्यात त्यांनी वरच्या कुणग्यातली, म्हणजे बागेच्या वरच्या तुकड्यातली, म्हातारी पोफळी काढून नवीन रोपं लावायची ठरवली, जी ते चार वर्षं टाळत होते.

चवथीला दादा येतोय. मराठी केलेला दुसरा संच छापून ठेवलाय, यावेळी मान राखणं, पाहुणचार आणि ऋण फेडणं ही तीन कार्डं वाढवून, म्हणजे ८६. पानं तेवढीच बारा, कोरी मात्र दोनच.